मालक नसलेल्या बायकांची युनियन : या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू झाल्यावर माझी पहिली नोकरी सोलापुरातल्या एका एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पात होती. लॉजवर, घरून किंवा फोनवरून देहविक्रीचा धंदा करणाऱ्या बायकांना भेटायचं काम. तुम्ही यात नव्यानं येत असाल तर पहिल्याच महिन्यात "युनियन करा" म्हणू नका. मी म्हटलं होतं.

पूर्व भागातल्या एका खोलीत अक्का विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं. दिवसा विडी, संध्याकाळी फोन आला तर लॉज. डोक्यावर घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण नाही, वेश्यावस्तीशी संबंध नाही. माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवीतून विडी कामगाराचं ओळखपत्र काढलं. "ह्याच्यावर पोरीला स्कॉलरशिप मिळाली. त्या कामाचं कार्ड काढलं तर कुणाला दाखवू की वो मॅडम?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विडी वळणाऱ्या बायकांनी युनियनच्या जोरावर जवळच्या कुंभारीत हजारो घरं उभी केली, त्या सोलापुरात मी हे ऐकत होते.

मालकच नाही तर युनियन कुणाशी भांडणार, असं लोक विचारतात. हा आक्षेप जुना आहे. अहमदाबादच्या 'सेवा'ला, म्हणजे स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या संघटनेला, १९७२ मध्ये नोंदणी मागताना हेच ऐकावं लागलं होतं. तरी नोंदणी झाली. मार्केट यार्डातले हमाल रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचा माल उचलतात, त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. आपल्या बायकांचं भांडण पोलीस चौकी, लॉजचा मॅनेजर, रेशन दुकान आणि सरकारी दवाखाना यांच्याशी असतं. तिथं एकटीला कुणी विचारत नाही. म्हणून युनियनचा फायदा आहे, याबद्दल मला शंका नाही.

अडचण नावाची आहे. कोविडमध्ये राज्य सरकारनं धंदा करणाऱ्या बायकांना ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिना ५,००० रुपये दिले, मुलं शाळेत असतील तर आणखी २,५००. मी घरोघर सांगत फिरले. वस्तीतल्या बायकांनी नावं दिली, पण घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणी यादीत आल्याच नाहीत. घरात पीठ नव्हतं, तरीही. सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ च्या आदेशात या बायकांना आधार कार्ड द्या, पण कार्डावरून धंदा ओळखू येईल असा कोणताही कोड नको, असं सांगितलं. ही भीती न्यायालयाला कळली. युनियनचं सभासद रजिस्टर कोणाच्या कपाटात राहणार, हे तुम्हीही आधी ठरवा.

कायदा नीट वाचा. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात दोघींनी आपापल्या फायद्यासाठी एकच खोली वापरली तरी तो कुंटणखाना ठरू शकतो. म्हणजे एकत्र येणंच अंगाशी येऊ शकतं. मला हा कायद्यातला सगळ्यात अन्यायाचा भाग वाटतो.

कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत १९९५ मध्ये बायकांनी 'उषा' ही सहकारी संस्था काढली, सावकाराच्या विळख्यातून सुटण्यासाठी. आपल्या शेजारी सांगलीत 'वॅम्प' ही धंदा करणाऱ्या बायकांची संघटना आहे. कर्नाटकात २००६ मध्ये तर युनियनच उभी राहिली. शक्य असेल तर सांगलीला जाऊन चार दिवस नुसतं ऐका. मी युनियनच्या फॉर्मपासून सुरुवात केली. करायला हवी होती भिशीपासून आणि रात्री उचलला जाईल अशा एका फोन नंबरपासून. युनियनच्या नोंदणी अर्जाला सात सह्या लागतात, वर त्या धंद्यातल्या किमान शंभर किंवा दहा टक्के, यातल्या जे कमी असेल तेवढ्या सभासदांची अट. त्या सात जणी उघड सही करणाऱ्या हव्यात.

दीड वर्षानं एका रात्री लॉजवर धाड पडली आणि अक्कांचा फोन आला. मी चौकीवर पोचले तेव्हा बाहेर पाच जणी आधीच उभ्या होत्या, तोंडाला ओढणी बांधून. पहाटे अक्का सुटल्या. रिक्षात बसताना त्यातली एक म्हणाली, "मॅडम, सात लागतात म्हणालात नव्हं? अक्का धरून सहा झालो."