गोळी टाकून कामावर? सर्दी-तापातल्या या चुका टाळा

पाऊस लागला की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एकच डायलॉग: "काका, ताप उतरायची कडक गोळी द्या की, उद्या ड्युटी हाय."

गोळीनं ताप उतरतो, विषाणू जात नाही. पॅरासिटामॉलनं चार-सहा तास बरं वाटतं आणि तेवढ्यात माणूस केएमटीच्या बसमध्ये, ऑफिसात, तालमीत खोकून येतो. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून आजार पसरवत असतो, पुढं 5 ते 7 दिवस पसरवत राहतो. लहान पोरं त्याहून जास्त.

मागं गणपतीच्या तोंडावर आमच्या पेठेतला एक पोरगा असाच गोळी टाकून ढोलाच्या सरावाला गेला. बाहेर धो धो पाऊस, म्हणून सराव पत्र्याच्या शेडमध्ये, शटर अर्धं खाली. आठवड्याभरात निम्मं पथक आडवं. पोरं तरणीबांड, उठली. पण त्यातल्या एकाच्या घरी दमेकरी आजी. रात्री त्यांना धाप लागली, ओठ निळसर पडले, थेट ऑक्सिजनवर. घरी आल्या, पण पुढं कितीतरी दिवस त्यांना जिना चढवेना. गोळीवाला पोरगा अजून म्हणतो, "हवाच खराब होती ओ."

माझा नियम साधा: गोळी न घेता 24 तास ताप आला नाही, तरच उंबरा ओलांडायचा. त्यानंतरही काही दिवस गर्दीत मास्क. सकाळी सिरप पाजून पोराला शाळेत ढकलणाऱ्या आईबापांना तर मी तोंडावर बोलतो. राग आला तर येऊ दे.

दुसरं दुखणं अँटिबायोटिकचं. "दोनच अझिथ्रो द्या, मागच्या वेळी लगेच गुण आला." मागच्या वेळीही सर्दी आपली आपणच गेली असणार! फ्लू, कोविड, आरएसव्ही (पोराबाळांची नि म्हाताऱ्यांची छाती धरणारा) हे सगळे विषाणू. अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. वर दोन गोळ्या खाऊन उरलेली पट्टी शेजारणीला. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे.

फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं विषाणूविरोधी औषध आहे, पण 48 तासांच्या आत सुरू केलं तरच त्याचा चांगला उपयोग, आणि तेही डॉक्टरांनी ठरवायचं. म्हणून म्हातारी माणसं, गरोदर बाया, दमा-शुगरवाले यांनी तीन-तीन दिवस काढा पीत बसू नये.

बाकीचं थोडक्यात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून वेगळी घेतली की डोस दुप्पट आणि भार यकृतावर. पोरांना तापात ॲस्पिरिन कधीच नाही. पोराला उकळत्या पातेल्यावर वाफ द्यायला बसवू नका, भाजलेली पोरं पाहिलीत मी. मास्क हनुवटीसाठी नसतो. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून खिडक्या गच्च लावू नका, एक तरी फट ठेवा. तांबडा रस्सा घशाला बरा वाटतो, विषाणूला काही वाटत नाही. फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी; अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, आणि लोक येतात घरात सगळे खोकायला लागल्यावर.

ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, ऑक्सिमीटर 94 च्या खाली गेला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा पोरगं पाणीही पिईना, तर माझ्या काउंटरवर येऊ नका. रिक्षा करा आणि कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल नाहीतर जवळचा दवाखाना गाठा.