सोचा नदीकाठची तीन देशांची रोड ट्रिप : या चुका टाळा

सोचा ही ज्युलियन आल्प्समधली नदी. स्लोव्हेनियातल्या ट्रेंटा खोऱ्यात ती उगम पावते, बोवेत्स, कोबारिद, तोल्मिन करत खाली उतरते आणि नोव्हा गोरिकापाशी इटलीत शिरते. तिथे तिचं नाव इझोंझो. लांबी जेमतेम १३८ किलोमीटर, पण पाण्याचा तो निळा-हिरवा रंग फोटोत दिसतो तसाच समोरही दिसतो. उत्तरेला ऑस्ट्रिया, पश्चिमेला इटली, दोन्ही हाकेच्या अंतरावर. स्वित्झर्लंड पाहून झालेली ओळखीतली मंडळी आता इकडचे बेत आखतात, आणि ते बेत वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. सगळी काळजी सरहद्दीची केलेली असते, घाटांची कुणीच करत नाही. सरहद्द इथे बहुतेकदा दोन मिनिटांत मागे पडते. वेळ जातो तो घाटात.

किलोमीटर मोजून दिवस भरणं

उत्तरेकडचं क्रान्स्का गोरा गाव ते बोवेत्स हे अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. हे वाचून लोक सकाळी ब्लेड तलाव, दुपारी बोवेत्सला राफ्टिंग आणि रात्री व्हेनिस असा दिवस ठरवतात. तसं करू नका. मधे १६११ मीटर उंचीची व्हर्शिच खिंड आहे आणि तिला ५० नंबर घातलेली वळणं आहेत: उत्तरेच्या चढाला २४, ट्रेंटाकडच्या उताराला २६. उत्तरेकडच्या वळणांवर दगडी फरसबंदी आहे. पाऊस पडला की ती निसरडी होते, तेव्हा तिथे दुसरा गिअर आणि सबुरी हवीच. उन्हाळ्यात मोटरसायकली आणि सायकलस्वार सतत असतात. माथ्यावरच्या पार्किंगला पैसे पडतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये उशिरा पोहोचलात तर जागा मिळण्याची खात्री नाही.

हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. मार्च १९१६मध्ये हिमस्खलनात त्यातले कित्येक गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं छोटं लाकडी रशियन चॅपेल चढाच्या वाटेवरच लागतं. तिथे गाडी थांबवायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. पुढे सोचेच्या उगमाकडे जाणारी पायवाट आहे. तिचा शेवटचा टप्पा खडकावरून, पोलादी दोर धरून जायचा असतो, त्यामुळे चपला घालून जाऊ नका. त्याच्याही पुढे वेलिका कोरिता ही अरुंद घळ. एवढं सगळं नीट पाहायचं तर ४५ किलोमीटरला अख्खा दिवस द्या आणि बोवेत्स किंवा कोबारिदला निदान दोन रात्री राहा.

खिंड उघडीच असेल असं धरून चालणं

व्हर्शिच हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते आणि कधीकधी एप्रिल उलटला तरी उघडत नाही. शाळांना सुट्टी लागली म्हणून एप्रिलच्या शेवटी निघणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांची नेमकी इथेच पंचाईत होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी स्लोव्हेनियाच्या सरकारी वाहतूक-माहिती साइटवर खिंडीची स्थिती पाहा. मोबाइलवरचा नकाशा बंद रस्ताही खुशाल दाखवू शकतो.

बंद असेल तर पर्याय आहे: रातेचेवरून इटलीतलं तार्विझिओ, तिथून प्रेडिल तलावाच्या काठाने ११५६ मीटरची प्रेडिल खिंड आणि मग खाली बोवेत्स. म्हणजे स्लोव्हेनियातल्याच दोन गावांमधला प्रवास इटलीतून होतो. गाडीच्या करारात इटली नसेल किंवा पासपोर्ट हॉटेलात राहिले असतील, तर अडचण इथे उभी राहते. दोन्ही खिंडी उघड्या असतील तर त्यांची एक सुंदर फेरी होते: बोवेत्सहून ट्रेंटा, व्हर्शिच, क्रान्स्का गोरा, तार्विझिओ, प्रेडिल आणि परत. अंतर सुमारे १०० किलोमीटर, पण सकाळी लवकर निघा.

प्रेडिलजवळून मांगार्टचा रस्ता वर जातो. २०५५ मीटर उंचीचा हा स्लोव्हेनियातला सर्वांत उंच मोटर रस्ता, उन्हाळ्यात उघडणारा, टोल घेणारा आणि अरुंद. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी पहिल्यांदाच चालवत असाल तर पहिल्या दिवशी इकडे वळू नका. ऑस्ट्रियातल्या फिलाखहून क्रान्स्का गोराला येणारी वुर्झन खिंड उंचीने किरकोळ आहे, पण तिचा चढ १८ टक्क्यांपर्यंत जातो. गाडी सामानाने भरलेली असेल तर तार्विझिओवरून आलेलं बरं.

भाड्याच्या गाडीचा करार न वाचणं

कोणकोणत्या देशांत गाडी नेणार ते बुकिंगच्या वेळीच सांगा आणि लेखी घ्या. सीमापार परवानगीचं शुल्क वेगळं असतं. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात गाडी सोडायची असेल तर आकार फार मोठा लागतो, म्हणून वर्तुळाकार मार्ग आखलेला परवडतो. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं हवं. ते नवऱ्याचं आणि लायसन्स बायकोचं असेल तर काउंटरवर गाडी नाकारली जाऊ शकते. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओकडून मिळतो आणि वर्षभर चालतो, म्हणून निघण्याआधीच काढा. मूळ लायसन्सही जवळ ठेवा.

तीन देशांचे तीन टोल

फास्टॅगची सवय झालेल्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. इटलीत तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या खुणेच्या टेलिपास रांगेत शिरू नका, ती टॅग असलेल्या गाड्यांसाठी आहे. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात मोटरवेसाठी व्हिन्येट म्हणजे ठरावीक मुदतीचा पास लागतो. ऑनलाइन घेतलेला पास गाडीच्या नंबरला जोडलेला असतो, म्हणून नंबर आणि नोंदणीचा देश दोन्ही तपासून भरा. मधल्या दलालांच्या साइट जादा पैसे लावतात, सरकारी साइटवरूनच घ्या. दोन्ही देशांना जोडणाऱ्या कारावांके बोगद्याचा टोल मात्र व्हिन्येट असूनही वेगळा भरावा लागतो.

व्हेनिसला उतरून उदिने, चिविदाले, रोबिच, कोबारिद असं आलात, तर स्लोव्हेनियाच्या मोटरवेला चाक लागतच नाही आणि तिथल्या व्हिन्येटची गरज पडत नाही. मला हीच वाट सर्वांत आवडते, कारण चिविदालेचा नातिझोने नदीवरचा जुना पूल वाटेतच भेटतो. इटलीतल्या जुन्या गावठाणांत झेडटीएल (मर्यादित वाहतुकीचा भाग) लिहिलेली पाटी दिसली की गाडी आत घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर गाडीवाल्या कंपनीचं शुल्क वेगळं.

व्हिसा आणि पासपोर्ट

तिन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच्याकडे करायचा. रात्री समसमान असतील तर पहिल्या प्रवेशाचा देश. शेंगेन असलं तरी तपासणी होऊ शकते: ऑस्ट्रियाने कित्येक वर्षांपासून आणि इटलीने ऑक्टोबर २०२३पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर ती पुन्हा सुरू केली आहे. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नका.

वाटेत अडलात तर

पाट्यांवर गावांची स्थानिक नावं असतात. स्लोव्हेनियात तार्विझिओ म्हणजे त्रबिझ, उदिने म्हणजे विदेम, फिलाख म्हणजे बेल्याक. ही नावं लिहून जवळ ठेवा. इटलीच्या पंपावर गाझोलिओ म्हणजे डिझेल. चुकीचं इंधन भरलं गेलंच तर इंजिन सुरू न करता कंपनीला फोन करा.

रविवारी ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-फळं घ्या. शाकाहारी मंडळींनी कोबारिदचे श्ट्रुक्ली मागवावेत: गरम पाण्यात भिजवलेल्या पिठाच्या पारीत अक्रोड-बेदाण्याचं सारण भरून उकडतात, थेट उकडीच्या मोदकाच्या कुळातले. फ्रिका हा बटाटा-चीजचा पदार्थ मागवताना बेकन नाही ना, ते विचारा.

त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात अधिकृत कॅम्पिंगची जागा सोडून तंबू ठोकणं किंवा गाडीतच रात्र काढणं मना आहे. सोचेचं पाणी भर उन्हाळ्यातही बोचरं गार असतं आणि डोंगरात पाऊस झाला की झपाट्याने वाढतं. गढूळ पाणी दिसलं तर राफ्टिंगचा हट्ट सोडून कोबारिदचं युद्धसंग्रहालय पाहा. १९१५ ते १९१७ या काळात याच नदीकाठी बारा लढाया झाल्या.

गाडी बंद पडली तर आधी जॅकेट, मग इशाऱ्याचा त्रिकोण: चमकदार जॅकेट डिकीत नको, सीटजवळ हवं. आणीबाणीला तिन्ही देशांत ११२. नुसती गाडी अडली असेल तर स्लोव्हेनियात १९८७, ऑस्ट्रियात १२० किंवा १२३ आणि इटलीत ८०३११६.