संक्रांतीपासून उलटं मोजायचं

दिवाळीच्या उरलेल्या पणत्या खोक्यात भरून माळ्यावर गेल्या की आमच्याकडं हिवाळ्याची तयारी सुरू होते. ती कॅलेंडरवर उलटी चालते. आधी १४ जानेवारीवर बोट ठेवायचं आणि मग मागं मागं यायचं. विजापूर रोडला आमचं छोटं दुकान आहे, पुढं नर्सरी आणि मागं भेटवस्तू. झाडं मी बघते, काउंटर जाऊबाई. सोलापुरात या धंद्यातले खरे पैसे याच अडीच-तीन महिन्यांत होतात. मार्चपासून ऊन असं तापतं की गिऱ्हाईक झाड नेत नाही, आणि नेलंच तर आठ दिवसांनी वाळलेली कुंडी घेऊन आपल्याच दारात उभं राहतं.

तर संक्रांत. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा रोपं लुटायची रीत आता चांगली रुजलीय. कुणाला पंचवीस लागतात, एखाद्या भिशीच्या बायकांना शंभर, आणि शंभरच्या शंभर एका उंचीची. उजवं-डावं झालं की वाण घेणारीच्या आधी देणारी नाराज होते. अशी रोपं जानेवारीत हातावर येत नाहीत. तुळशीचं बी ऑक्टोबरच्या उबेतच पेरायचं, डिसेंबरात पेरलेलं रुसून बसतं. मनीप्लांट आणि सिंगोनियमच्या काड्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत पिशवीत गेल्या पाहिजेत, कारण पावसाळ्यात तीन आठवड्यांत धरणारी काडी थंडीत पाच-सहा घेते. कोरफडीची पिल्लं तेवढी उशिरा सोडवली तरी चालतात. मोजताना शंभराला एकशेवीस धरायची. वीसमधली दहा मरतात आणि दहा शेजारणी मागून नेतात.

मातीचं मिश्रण काड्या लावायच्या आधीच कालवून ठेवायचं. इथली काळी माती नुसती भरू नका. ओली असली की चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते, वाळली की भेगा पडून कुंडीची कड सोडते. आम्ही दोन घमेली लाल माती, एक घमेलं गांडूळखत आणि एक भिजवून फुगवलेलं कोकोपीट घेतो.

मातीच्या छोट्या कुंड्या सांगायच्या त्या नोव्हेंबर संपायच्या आत. त्यानंतर कुंभाराच्या चाकावर सुगडं चढतात आणि तुमची ऑर्डर मागं पडते. त्यात गैर काही नाही, संक्रांत आधी त्यांची. आमच्या गड्ड्याच्या जत्रेतलं लग्नसुद्धा कुंभारकन्येचंच असतं, सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी लागलेलं. कुंड्या आल्या की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या. कोरी कुंडी रोपाच्या वाटचं पाणी पिते.

जत्रेवरून माणसांचं आलं. १३ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १४ ला त्या लग्नाच्या अक्षता, १५ ला होम. आमच्याकडचा पोरगा मिरवणुकीतल्या नंदीध्वजाच्या काठीला हात लावतो. पांढरी बाराबंदी घातली की तो आमचा राहत नाही, आणि त्याला त्या दिवशी ‘थोडा वेळ ये’ म्हणायची माझी तरी छाती नाही. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दोन दिवशी कामाला आम्ही दोघी जावाच. म्हणून वाणाची सगळी रोपं १२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पुसून, चिठ्ठी लावून, ट्रेमध्ये मोजून तयार असलीच पाहिजेत. ज्यांचं घर मिरवणुकीच्या वाटेवर किंवा होम मैदानाच्या बाजूला आहे, त्यांना अकरा तारखेलाच पोचवून टाकायचं. पुढं रस्ते बंद झाले की ट्रे डोक्यावर घेऊन चालावं लागतं. एकदा चाललेय.

आता पाणी. इथं जरा थांबून सांगते, कारण हिवाळ्यात माझी सगळ्यात जास्त झाडं पाण्यानंच मेलीत, थंडीनं एकही नाही. सोलापूरची थंडी ती किती? पहाटे पारा पंधराच्या आसपास, दुपारी परत तीसला टेकलेला. पण आपण उन्हाळ्याच्या सवयीनं दोन वेळा पाइप धरतो आणि वरची माती वाळलेली दिसली की जीव कासावीस होतो. बोट पेरभर खाली घालून बघायचं. गार, ओलसर लागलं तर पाइप बाजूला. द्यायचंच तर सकाळी नऊ-दहाला, टाकीतलं पाणी बर्फासारखं लागेनासं झालं की. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळ्यांना पाजून घ्यायचा मोह होतो. तो आवरायचा आणि पिंपं भरून ठेवायची. बोअरचं पाणी जड आहे. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, ती विकायला काढण्याआधी घासणीनं काढायची.

अडेनियमच्या ट्रेपुढं एक पाटी लावून ठेवा : ‘हे झाड झोपलंय, मेलेलं नाही’. थंडीत त्याची पानं गळतात, पाणी अगदी कमी लागतं. पाटी नव्हती त्या वर्षी एका काकांनी मला भर दुकानात ‘वाळकी लाकडं विकता का?’ म्हणून विचारलं होतं. तुळसही या दिवसांत मलूल दिसते. मंजिऱ्या खुडत राहायच्या, एवढंच.

शेडनेट निम्मं गुंडाळायचं. पिटुनिया, डायंथस, झेंडू, शेवंती यांना थेट ऊन हवं. नेटखाली ती लांबुळकी होतात आणि फुलं देत नाहीत. घरातली झाडं मात्र नेटखालीच राहू द्या. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू अक्का शेवंतीसाठी येतात. त्यांनी कनकांबरम मागितलं तर अबोली द्यायची, शोधत बसायचं नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी कलशासाठी पाच झाडांच्या डहाळ्या मागायला रांग लागते. छाटलेल्या डहाळ्यांची बादली दाराशीच ठेवा, नाहीतर बायका विक्रीच्या झाडांनाच हात घालतात. पैसे घेऊ नयेत. त्याच बायका महिन्याभरानं वाणाची रोपं न्यायला येतात.

गुलाबाची ऑक्टोबरातली छाटणी झालेली असतेच. तिची फुलं डिसेंबरात येतात. दुसरी हलकी छाटणी ३१ डिसेंबरला करायची. फूल यायला साधारण पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणजे ती बरोबर १४ फेब्रुवारीला उतरतात. कुणाला पटो न पटो, त्या दिवशी लाल गुलाबाची कुंडी खपते. थंडीत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या वेळी. माव्याच्या किडीसाठी निंबोळी तेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या, तेल आणि गंधक एकत्र आलं की पानं करपतात.

नाताळासाठी पॉइनसेटिया आणणार असाल तर वरची पानं लाल झालेलाच आणा. हिरवा आणून आपण लाल करू म्हणाल तर त्याला रोज चौदा तासांचा गच्च अंधार लागतो, तोही दोनेक महिने. आमचे सहा गडी दुकानाच्या बोर्डाच्या उजेडात जानेवारीपर्यंत हिरवेच राहिले.

काउंटरचं जाऊबाईंनी सांगायला हवं, पण त्या लिहीत नाहीत. त्यांची यादी छोटी आहे. कुंडीला चकचकीत कागदाऐवजी सोलापुरी नॅपकिन गुंडाळायचा आणि सुतळीची गाठ मारायची. कागद फाटून जातो, नॅपकिन घरात राहतो. बाहेरगावी न्यायच्या भेटीत शेंगाचटणीचं पाकीट घालायचं, मात्र मातीपासून वेगळ्या पिशवीत. हलव्याचे दागिने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मागवायचे, बोरन्हाणाचे आणि नव्या सुनांचे वेगळे. ते झाडांपासून लांब, काचेच्या कपाटात.

हे शेवटचं माझ्यामुळं यादीत आलं. पहिल्याच वर्षी मी फर्नच्या शेजारी हलव्याचा हार टांगला होता, काळ्या कापडावर, फार शोभून दिसत होता. सकाळ-संध्याकाळ फर्नवर फवारा मारत होते. तिसऱ्या दिवशी तिळातिळावरचे काटे विरघळून हार कापडाला चिकटला आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. नुसता तो हार कापडासकट माझ्या हातात दिला.

रथसप्तमी झाली की उरलेली रोपं मोठ्या पिशव्यांत हलवायची. गुंडाळलेलं नेट सोडून उंदरानं कुठं कुरतडलंय ते बघायचं आणि भोकं शिवून घ्यायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते परत वर चढवायला लागतं.