नामावळीतून नैसर्गिक निवड कशी मोजावी

आधुनिक औषधोपचारांमुळे माणसाची उत्क्रांती थांबली का, या प्रश्नावर मत बहुतेकांकडे असते, मोजमाप मात्र क्वचितच कोणाकडे असते. वास्तविक एका मर्यादेपर्यंत ते घरच्या घरी करता येते, आणि ज्यांच्या घराण्याचे लोक पिढ्यान् पिढ्या नाशिकला येत आले आहेत, त्यांच्यासाठी त्यातील निम्मी सामग्री रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, म्हणजे घराण्याच्या नामावळीत, आधीच लिहून ठेवलेली असते.

नैसर्गिक निवड दोन वाटांनी काम करते. काही माणसे मूल होण्याच्या वयाआधीच मरण पावतात, ही पहिली वाट. जे जगतात त्यांना मुले सारख्या संख्येने होत नाहीत, ही दुसरी. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जेम्स क्रो यांनी १९५८ मध्ये या दोन्हींना एका सूत्रात बसवले. त्याला निवडीच्या संधीचा निर्देशांक म्हणतात. आपल्याला तोच काढायचा आहे.

प्रथम दोन पिढ्या निश्चित कराव्यात. एक, जिच्यातील स्त्रियांची बाळंतपणे साधारण १९४५ पूर्वी आटोपली, म्हणजे पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती येण्याआधीची. आणि दुसरी, आज ४५ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची. मधली पिढी मुद्दाम वगळावी, कारण तिच्यात दोन्ही काळ मिसळलेले असतात. भारतातील देवीचा शेवटचा रुग्णदेखील १९७५ मध्ये आढळला.

तीर्थोपाध्यायांकडे जाताना आडनाव, मूळ गाव आणि ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या पूर्वजाचे नाव सोबत न्यावे. पितृपंधरवडा आणि सिंहस्थाची गर्दी टाळलेली बरी. जुने लेख मोडीत असतील, तर ते वाचून घ्यावेत आणि आपण शांतपणे उतरवून घ्यावेत. परंतु हे कागद जितके मोलाचे, तितकेच ते या कामासाठी अपुरे असतात, हे आरंभीच ध्यानात ठेवावे. नामावळीत प्रामुख्याने पुरुषांची परंपरा येते, मुली बहुधा येत नाहीत, आणि सहा महिन्यांत दगावलेले मूल तर जवळपास कधीच येत नाही. निवडीचा हिशेब मांडायचा तर नेमकी हीच माणसे हवी असतात.

ही गळती भरून काढण्यासाठी घरातील सर्वांत वयस्क स्त्रीकडे बसावे. ‘मुले किती होती?’ असे विचारले तर जगलेल्यांचीच संख्या मिळते. म्हणून ‘बाळंतपणे किती झाली, त्यांतली किती हाती लागली?’ असे विचारावे. नामावळीत धोंडू किंवा दगडू असे नाव आढळले तर तेथे हमखास थांबावे, कारण आधीची मुले गेल्यावर पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून असे नाव ठेवण्याची रीत होती. माझ्या मते ही नावे कित्येकदा वहीतील तारखांपेक्षा अधिक सांगतात. ज्या स्त्रियांना मूल झालेच नाही, त्यांचीही नोंद शून्य म्हणून करावी; त्यांना वगळल्यास दुसरी वाट अर्धी पुसली जाते.

आता हिशेब. समजा, जुन्या पिढीतील आठ स्त्रियांना अनुक्रमे २, ४, ५, ६, ७, ७, ८ आणि ९ मुले झाली. एकूण जन्म ४८, सरासरी ६. त्यांपैकी १८ मुले पंधराव्या वर्षाआधी गेली आणि ३० जगली. मृतांच्या संख्येस जगलेल्यांच्या संख्येने भागले की मृत्यूचा भाग मिळतो : १८ भागिले ३०, म्हणजे ०.६. त्यानंतर प्रत्येकीच्या मुलांचा सरासरीपासूनचा फरक काढून त्याचा वर्ग करावा आणि त्या वर्गांची सरासरी, म्हणजे प्रचरण, काढावे, ते ४.५ येते. त्याला सरासरीच्या वर्गाने, ३६ ने, भागल्यास ०.१२५ मिळते, आणि त्याला पुन्हा जगलेल्यांच्या प्रमाणाने, ०.६२५ ने, भागल्यास जननाचा भाग ०.२ येतो. दोन्हींची बेरीज ०.८.

नव्या पिढीतील आठ जणींना ०, १, २, २, २, २, ३ आणि ४ मुले झाली आणि १६ पैकी एक दगावले, असे धरू. मृत्यूचा भाग सुमारे ०.०७, जननाचा भाग ०.३३, बेरीज ०.४०. एकूण संधी निम्म्यावर आली, मात्र शून्य झाली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्वी तिच्यातील तीन चतुर्थांश वाटा मृत्यूचा होता, तो आता एक षष्ठांशावर उतरला. लस, क्षारसंजीवनी आणि प्रतिजैविके यांनी जी वाट अरुंद केली ती पहिली. आठ स्त्रियांवरून निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. भाऊबंदांच्या शाखा जोडून ही संख्या शंभराच्या पुढे न्यावी.

येथे बहुतेकांची गफलत होते. हा निर्देशांक संधी मोजतो, प्रत्यक्ष निवड नव्हे. विहिरीच्या दूषित पाण्याने पटकी होऊन मूल गेले, किंवा शहरातील खर्चामुळे एकच मूल होऊ दिले, तर त्या फरकाचा जनुकांशी संबंध असेलच असे नाही, आणि तो नसेल तर उत्क्रांतीही होत नाही. म्हणून आलेल्या आकड्याला कमाल मर्यादा समजावे.

संबंध खरोखर असतो तेव्हा काय घडते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे जनुक आढळते. संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की या जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. दोन प्रती आल्या तर मात्र आजार होतो. हिवताप आटोक्यात आला की वाहकाचा लाभ संपतो आणि जनुक घटू लागते. उलट हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधांनी रुग्ण दीर्घकाळ जगून संसार करू लागले की ती घट मंदावते. एकच वैद्यक एकाच जनुकाला दोन्ही दिशांनी ओढते.

‘रुग्ण वाचवल्याने वंश दुबळा होतो’ असे कोणी म्हटल्यास त्याच्यापुढे हा हिशेब ठेवावा. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यासच होणारा, १०,००० जन्मांमागे एक असा आजार घ्या. त्या जनुकाचे प्रमाण शंभरात एक असते. पूर्वी मृत्यूने जेवढी जनुके गळत तेवढीच नव्या उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकात आपोआप होणाऱ्या बदलाने, भरून येत होती, आणि आता सर्व रुग्णांना इतरांइतकीच मुले होतात, असे मानले, तरी हे प्रमाण दुप्पट होण्यास सुमारे १०० पिढ्या, म्हणजे २,५०० वर्षे लागतात. पेनिसिलिन येऊन जेमतेम तीन-चार पिढ्या झाल्या आहेत.

दुसऱ्या वाटेवरही वैद्यक पोहोचले आहे, हे विसरू नये. शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याच्या तंत्राने पहिले मूल १९९२ मध्ये जन्मले. वडिलांच्या वाय गुणसूत्रातील जो दोष पूर्वी त्यांच्यापाशीच संपला असता, तो या मार्गाने मुलाकडे जाऊ शकतो. तेव्हा नव्या पिढीची नोंद करताना वंध्यत्वावरील उपचारांनी झालेल्या जन्मांचा रकाना वेगळा ठेवावा. मात्र तो संबंधितांनी आपणहून सांगितले तरच भरावा, आणि तक्ता इतर नातेवाइकांना दाखवताना नावांऐवजी क्रमांक लिहावेत.

काम झाल्यावर तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या घराण्याचा नवा लेख लिहिण्याची विनंती करावी, आणि त्यात मुली, सुना आणि लहानपणी गेलेली मुले यांची नावे वर्षांसह घालावीत.