क्ले बार हातात घेण्याआधी: नागपूरच्या गाडीसाठी तयारीची यादी

गाडी धुऊन, पुसून कोरडी झाली की एक पातळ पॉलिथिनची पिशवी हातात चढवा आणि बोटांची टोकं बोनेटवरून हलकेच फिरवा. उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून लगेच कळतं. बारीक रव्यावरून हात फिरल्यासारखा वाटला, तर क्लेची, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलणाऱ्या मऊ वडीची, गरज आहे. हात सरळ घसरत गेला तर यादी इथेच थांबवा, कारण गरज नसताना क्ले फिरवणं म्हणजे रंग उगाच घासणं. छत, बोनेट, डिकी आणि दारांचा खालचा भाग वेगवेगळा तपासायचा. माझ्या गाडीचं छत आणि बोनेट दरवर्षी खरखरीत निघतं आणि दारांचा वरचा भाग जवळजवळ स्वच्छ असतो. मग तिथे मी क्ले लावतच नाही.

ही खरखर येते कुठून, हे कळलं की पुढची तयारी सोपी जाते. मी अजनीच्या, म्हणजे नागपूरच्या रेल्वे भागाच्या, बाजूला राहते. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना मिळतात, गाड्या दिवसरात्र धावतात, आणि चाकं, रूळ, ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचा अगदी बारीक कीस उडतो. आपल्या गाडीच्या ब्रेकमधूनही तो उडतोच. असा कण रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये रुततो आणि पावसाळ्यात गंजतो. पांढऱ्या गाडीवर मग टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसू लागतात. शाम्पूने ते जात नाहीत, नखाने खरवडून काढणं तर फारच वाईट. कोराडी-खापरखेड्याकडे राहणाऱ्यांना औष्णिक केंद्रांची राख नवी नाही. शहरात सिमेंट रस्त्यांची कामं निघाली की त्याची धूळ असते, आणि सिव्हिल लाइन्ससारख्या झाडीत गाडी उभी राहत असेल तर झाडांचा चीक. रंगाला चिकटून बसलेल्या या गोष्टी उचलण्यासाठी क्ले असते.

क्ले म्हणजे कुंभाराची माती नव्हे. मऊ कृत्रिम गोळ्यात अतिशय बारीक घासकण मिसळलेले असतात. जपानच्या तादाओ कादाते यांना १९९५ साली यासाठी जे अमेरिकी पेटंट मिळालं, त्याचं शीर्षकच ‘लवचीक घासदगड’ अशा अर्थाचं आहे. हे मनात पक्कं ठेवा. आपण रंगावर घासदगड फिरवणार आहोत, म्हणून मध्ये भरपूर ओलावा हवा आणि वाळूचा एकही कण नको. या यादीतलं बहुतेक सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

आधी गाडी क्लेला लायक आहे का ते पाहा. मॅट म्हणजे बिनचमकीचा रंग किंवा मॅट रॅप, म्हणजे रंगावर चिकटवलेली फिल्म, असेल तर क्ले नाही. नुकताच डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेला भाग असेल तर ज्याने रंग मारला त्याला विचारल्याशिवाय नाही. क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील तर तिथे अजिबात नाही. काळी किंवा गडद गाडी असेल तर क्लेनंतर बारीक धूसर रेषा दिसू शकतात. पॉलिश करायची तयारी असेल तरच हात घाला. पांढऱ्या, चंदेरी गाडीवर त्या सहसा नजरेला येत नाहीत.

दिवस ठरवताना आपल्या हवामानाचा विचार आधी करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हे काम काढायचंच नाही. मला पावसाळ्यानंतरचे दिवस बरे वाटतात, दसरा ते दिवाळीच्या मधले, पण दिवाळीच्या आदल्या रविवारी नको. त्या दिवशी घरात हजार कामं असतात आणि हे काम घाईत बिघडतं. लहान हॅचबॅकला धुण्यापासून वॅक्सपर्यंत अर्धा दिवस धरा. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी नऊलाच बोनेट तापतं, म्हणून सहाला सुरुवात आणि जागा पूर्ण सावलीची. हात ठेवल्यावर पत्रा गार लागला पाहिजे. इमारतीखालचं पार्किंग चालेल, पण आदल्या दिवशी झाडून, पाणी मारून घ्या, नाहीतर फरशीवरची धूळ उडून गाडीवरच येते. झाडाखाली मात्र नको.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण चुका इथेच होतात. बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाभर जमणाऱ्या पांढऱ्या थराकडे पाहिलं की कळतं. तेच पाणी बोनेटवर वाळलं की पांढऱ्या गोल खुणा बसतात, आणि खोल बसलेल्या खुणा क्लेनेही निघत नाहीत. म्हणून या दिवशी नळाचं पाणी वापरा, आदल्या संध्याकाळीच दोन-तीन बादल्या भरून ठेवा. पुष्कळ घरी आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी गाडीसाठी साठवतात. वाचवण्याची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात. ते फरशीला वापरा, रंगाला नको.

आता सामान. क्ले सौम्य प्रतीची घ्या. कडक प्रत जास्त साफ करते खरी, पण रेषाही जास्त पाडते. १०० ग्रॅमची वडी एका गाडीला पुरून उरते. दोन बादल्या हव्यात, एक शाम्पूची आणि एक गाडी धुण्याचा हातमोजा खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. गाडीचा शाम्पू, लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर, डांबर काढायचा टार रिमूव्हर, क्लेसोबत मारायचा ल्युब्रिकंट स्प्रे, पाच-सहा स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, रबरी हातमोजे, आणि शेवटी रंगावर संरक्षक थर म्हणून लावायला वॅक्स किंवा सीलंट. ल्युब्रिकंट वेगळा घ्यायचा नसेल तर पाण्यात गाडीचा शाम्पू मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरता येतो, फक्त क्लेच्या पाकिटावर तशी परवानगी आहे का ते वाचा. भांड्यांचा साबण नको. तो ओशटपणा काढायला असतो, आणि आपल्याला इथे निसरडेपणा हवा आहे. जुनी बनियन, पंचा, झाडणीचं फडकं सगळं घरात राहू द्या.

धुण्यात कसर सोडू नका. आधी नुसत्या पाण्याने माती वाहून जाऊ द्या, मग वरून खाली शाम्पू. चाकांच्या वरच्या कमानी आणि बंपरच्या खालच्या कडा शेवटी, कारण वाळू तिथेच दडलेली असते. धुऊन झाल्यावर आयर्न रिमूव्हर मारा, मोकळ्या हवेत आणि मोजे घालून. वास सडक्या अंड्यासारखा येतो. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या रंगावर जागोजागी जांभळे थेंब उमटतात, मग त्यांचे ओघळ होऊन हेडलाइटच्या फटीत उतरतात. पहिल्यांदा पाहून माझा भाचा ओरडला, “मावशी, रंग चालला!” रंग जात नसतो, लोखंड सुटत असतं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, सुकू तर मुळीच देऊ नका, आणि भरपूर पाण्याने धुवा. दारांच्या खाली डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन तेवढ्यापुरता लावा आणि ती जागा पुन्हा शाम्पूने धुवा. इतकं केलं की क्लेला काम फार थोडं उरतं, आणि तेच हवं असतं.

वडी तशीच हातात घेऊ नका. तिचे तीन तुकडे करा आणि एकच बाहेर ठेवा. याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून वडी पार्किंगच्या फरशीवर पडली. उचलली, पाण्याने धुतली, निरखून पाहिली, काही दिसलं नाही, म्हणून डाव्या मागच्या दारावर फिरवली. संध्याकाळचं तिरपं ऊन दारावर आलं तेव्हा वीतभर लांबीचे समांतर ओरखडे दिसले. मशीन पॉलिशनेही ते पूर्ण गेले नाहीत. तेव्हापासून नियम एकच, पडलेला तुकडा थेट कचऱ्यात. बाकीचे दोन शिल्लक असतात, म्हणून तो टाकताना जीव कासावीस होत नाही.

तुकडा कणकेसारखा मळून पुरीएवढा चपटा करा. डिसेंबरच्या सकाळी तो दगडासारखा होतो, तेव्हा कोमट पाण्याच्या वाटीत दोन मिनिटं ठेवा. सुरुवात दाराच्या खालच्या कोपऱ्यातून करा. हातभर लांब-रुंद जागेवर स्प्रे सढळ मारा, क्लेवरही मारा, आणि तीन बोटांनी सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. गोल फिरवू नका. जोर द्यायचा नाही, हाताचं वजन पुरे. सुरुवातीला बोटाखाली कर्र-कर्र जाणवते, आवाजही येतो, आणि काही फेऱ्यांनंतर क्ले अचानक तेलावरून जावी तशी सरकू लागते. तिथे थांबायचं. क्ले अडखळली तर ओलावा कमी पडला आहे. फडक्याने पुसून क्ले उलटी करून पाहा. पिवळसर गोळ्यावर तपकिरी-करडा पट्टा आलेला असेल. तो आत दुमडून, पुन्हा मळून स्वच्छ बाजू वर आणा. दुमडूनही स्वच्छ बाजू येईनाशी झाली की दुसरा तुकडा घ्या. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबर टाळा. काचेवर फिरवायची असेल तर सगळ्यात शेवटी, आणि तो तुकडा परत रंगावर आणू नका.

वॅक्स त्याच दिवशी लावायचंच, नाहीतर एवढी मेहनत फुकट. क्लेने जुनं वॅक्सही निघालेलं असतं आणि रंग उघडा पडलेला असतो. गाडी पुन्हा धुऊन, कोरडी करून, पिशवी घालून एकदा बोटं फिरवा. रेषा दिसत असतील तर आधी पॉलिश, मग वॅक्स. वॅक्स न लावता गाडी रात्रभर बाहेर ठेवू नका. वर्षातून एकदा हे पुरतं. अजनीसारख्या जागी फार तर दोनदा.

उरलेले स्वच्छ तुकडे ल्युब्रिकंटचे चार थेंब टाकून झाकणाच्या डबीत ठेवा. डबी घरातल्या कपाटात. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवली तर मे महिन्यात क्ले वितळून डबीला चिकटून बसते.