कारचा विमा: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

रिन्युअलचा मेसेज आला की बहुतेकांची नजर प्रीमियमच्या आकड्यावर जाते. आधी बघा आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली, तर जास्तीत जास्त तेवढीच रक्कम मिळते. त्या मॉडेलच्या चालू शोरूम किमतीतून घसारा वजा करून ती काढतात: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षी 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. म्हणजे 8 लाखांच्या, साडेचार वर्षं वापरलेल्या गाडीचा आयडीव्ही 4 लाख. पाच वर्षांनंतर तो कंपनीशी बोलून ठरतो.

प्रीमियम कमी दाखवायचा तर आयडीव्ही उतरवणं ही सोपी युक्ती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. आयडीव्ही 4 लाख असेल तर ही मर्यादा 3 लाख. तो 3 लाखांवर आणला की सव्वादोन लाख. अडीच लाखांत नीट झाली असती ती गाडी मग भंगारात जाते आणि 4 लाखांच्या दुरुस्त गाडीऐवजी तुमच्या हातात 3 लाख पडतात. थोड्याशा बचतीसाठी हा सौदा करू नका. गाडीवर कर्ज असेल तर ही रक्कम आधी बँकेकडे जाते. सात वर्षांच्या कर्जात पहिली काही वर्षं बाकी आयडीव्हीपेक्षा जास्त असू शकते, म्हणून नव्या गाडीला तीन वर्षं ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ (आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारं जादा कव्हर) घ्यावं.

थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, कायद्याने सक्तीची आहे आणि दर सरकारच ठरवतं. जून 2022 च्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416, त्यापुढे 7,897, वर जीएसटी. समोरचा माणूस जखमी झाला किंवा दगावला तर भरपाईला मर्यादा नाही, मालमत्तेसाठी मात्र साडेसात लाख. ही मर्यादा 6,000 वर आणून शंभरेक रुपये वाचवायचा पर्याय असतो, तो घेऊ नका. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: नुसती थर्ड पार्टी असेल तर तुमच्याच गाडीत बसलेले घरचे लोक तिच्यात येत नाहीत, फर्स्ट पार्टीत (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या पॉलिसीत) येतात. 15 लाखांचा अपघात विमा तर फक्त लायसन्स असलेल्या मालकाचा. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला त्यातून काही मिळत नाही. असा अपघात विमा प्रवाशांसाठी हवा असेल तर तो वेगळा जोडावा लागतो.

झिरो डेप म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारा अॅड-ऑन (जादा कव्हर). त्याचा हिशेब साडेचार वर्षांच्या त्याच गाडीवर करून बघा. समोरून ठोकली: बंपर 12,000, हेडलाइट 8,000, बोनेट 10,000. प्लास्टिकवर 50 टक्के कपात, म्हणजे 10,000. पत्र्यावर 35 टक्के, म्हणजे 3,500. वर सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला मालकानेच भरायचा हिस्सा, 1,000. तीस हजारांच्या सामानात 14,500 तुमच्या खिशातून. झिरो डेप असेल तर फक्त ते 1,000. बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच झिरो डेप क्लेम देतात, तेवढं वाचून घ्या.

नागपुरात इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर खर्च देणारा अॅड-ऑन) घ्यायचं की नाही, हे गाडी कुठे उभी राहते त्यावर ठरवा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या तळमजल्यावरच्या गाड्या पाण्यात गेल्या. पुराने सीट, वायरिंग खराब झालं तर ते साध्या फर्स्ट पार्टीत मिळतं. पण पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी तो खर्च नाकारते. अॅड-ऑन असला तरी स्टार्टर मारू नका: बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पाण्याच्या खुणेचे फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि टोचन करून गॅरेजला न्या. चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि गाडी बेसमेंटमध्ये लागत असेल, तर धोका बेसमेंटचाच धरा.

समृद्धीवरून वरचेवर जात असाल तर टायर कव्हर बघा; नुसता टायर फुटला तर फर्स्ट पार्टी काही देत नाही. मात्र आधी टायर बदला. मे महिन्याच्या उन्हात घासलेल्या टायरवर विमा काढणं हा उलटा हिशेब आहे.

पैसे वाचवायची जागा म्हणजे किरकोळ क्लेम. तुमचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत) 45 टक्के आहे, पुढच्या वर्षी 50 होणार आणि स्वतःच्या गाडीच्या भागाचा मूळ प्रीमियम 8,000 धरला, तर एका क्लेमने पुढच्या तीन वर्षांत 4,000, 2,400 आणि 2,000 असे 8,400 जातात. डेंट-पेंटचा सात हजारांचा खर्च स्वतःच करा. याच विचाराने 2,500 किंवा 5,000 ची ऐच्छिक वजावट घेता येते. पण सवलत दोनतीनशेचीच मिळत असेल तर सोडा.

गाडी दहा वर्षांपुढची, आयडीव्ही लाखाच्या आसपास आणि स्वतःच्या गाडीच्या भागाचा प्रीमियम आयडीव्हीच्या 5–6 टक्क्यांवर गेला, तर झिरो डेप आणि इतर अॅड-ऑन काढून साधी फर्स्ट पार्टी ठेवा. घरचे रोज त्या गाडीत बसत असतील तर थेट थर्ड पार्टीवर उतरू नका.

पैसे भरण्याआधी सीएनजी किट आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर चढलंय का ते बघा. नाही तर क्लेम अडकतो. मुदत संपून 90 दिवस उलटले की एनसीबी शून्य होतो.