छोट्याची पट्टी सोडताना : घरच्या ऑर्केस्ट्रातून एकट्याने गायला निघालेल्यांसाठी

मी सात वर्षांचा असल्यापासून बाबांच्या ऑर्केस्ट्रात गायचो. बाबा कीबोर्डवर, काका ऑक्टापॅड आणि ढोलकी, आई गायची, ताई निवेदन करायची आणि कोरसला उभी राहायची. गणपतीचे दहा दिवस म्हणजे आज कोथरूड, उद्या चिंचवड, परवा हडपसर, सगळं सामान आणि आम्ही एकाच टेम्पोत. मला माइक पुरायचा नाही म्हणून स्टुलावर उभं करायचे आणि गाणं संपलं की हमखास वन्समोअर. आज मी स्वतःच्या नावाने दोन-अडीच तासांचा प्रोग्राम करतो, त्यामुळे लहान गाणाऱ्या मुलांचे आईबाबा खूप प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. घरच्या बँडमध्ये जे मिळतं ते कुठल्याच क्लासात मिळत नाही. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, बंद पडला तर काय करायचं, समोर लोक उठून चाललेत तेव्हा कुठलं गाणं घ्यायचं, ढोलकीवाला समेवर कधी येणार हे त्याच्या खांद्यावरून कसं ओळखायचं, हे सगळं मला दहाव्या वर्षी येत होतं. ते शिकवलेलं नाही, ते टेम्पोत आणि स्टेजच्या मागे अंगात मुरलं.

पण एक गोष्ट अडते आणि ती म्हणजे पट्टी, म्हणजे आपला 'सा' पेटीच्या ज्या सुरावर धरून गातो तो सूर. मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर 'सा' धरून गायचो आणि लोकांना तोच कोवळा, उंच आवाज हवा असायचा, मंडळवाले फोनवरच विचारायचे की छोटा येणार ना. तेराव्या वर्षी माझा आवाज फुटला. मुलांचे स्वरतंतू या वयात लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, हे निसर्गाचं काम आहे, यात कोणाची चूक नाही. पण घरात हे कोणी बोललंच नाही, कारण सिझनच्या सुपाऱ्या, म्हणजे प्रोग्रामची बुकिंग, घेऊन झालेल्या होत्या. मी त्याच पट्टीत ओढून ओढून गायलो, बाबा मागून म्हणायचे जोर लाव, आणि सातव्या दिवशी अंतऱ्यात आवाजच गेला. घसा सुजला होता. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं.

आठ महिने मी स्टेजवर नव्हतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या गुरुजींनी त्या काळात फक्त खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, करून घेतला, रोज पहाटे, हळू, अजिबात जोर न लावता, आणि दर दोन महिन्यांनी तंबोरा बदलून बघायचे की आवाज कुठे बसतोय. शेवटी काळी एकला बसला. म्हणून पालकांनो, मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की पुढच्या सिझनच्या सुपाऱ्या घेण्याआधी त्याचा आवाज ऐका. मुलींचाही बदलतो, कमी बदलतो पण बदलतो. गाण्याची पट्टी खाली उतरवून घ्या, नाही जमलं तर गाणंच बदला.

पैशांचंही बोलतो, कारण यावर घरोघरी गप्प बसतात. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले, त्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला ५ तासांच्या वर काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत जायला हवेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. आमच्या वेळी हे नव्हतं. पण घरचा प्रोग्राम असला तरी मुलाच्या नावाने वेगळे पैसे ठेवाच. माझे ठेवलेले असते तर ते आठ महिने घरात इतके जड गेले नसते.

आता वेगळं कधी व्हायचं? बाबांना मायकल जॅक्सनचं फार कौतुक होतं, अमेरिकेतल्या गॅरीसारख्या पोलादाच्या गावात वडील कारखान्यात कामाला, आणि पाच भावांचा बँड. मी मोठेपणी तारखा बघितल्या तेव्हा मला खरा धडा सापडला. त्याचं सोलो गाणं १९७१ मध्ये आलं आणि भावांचा बँड त्याने सोडला १९८४ मध्ये. मधली तेरा वर्षं दोन्ही चालू होतं! म्हणजे एका दिवसात घर सोडून निघायची गरज नाही. आपल्याकडे लताबाईंना मात्र ही मुभा मिळाली नाही, १९४२ मध्ये वडील गेले आणि तेराव्या वर्षी घर त्यांच्यावर आलं. ज्यांना सवड आहे त्यांनी ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

मीही पाच वर्षं दोन्ही केलं. ऑर्केस्ट्रात तीन-चार गाणी असतात, स्वतःच्या प्रोग्रामला अठरा लागतात, आणि ती कोणत्या क्रमाने लावायची हे मला सगळ्यात अवघड गेलं. दोन उंच गाणी लागोपाठ घेऊ नका, दमाच्या गाण्यानंतर बोलायला वेळ ठेवा, आणि साउंड चेकला पूर्ण गाणं गाऊन आवाज संपवू नका.

पहिल्या प्रोग्रामला मी घरच्यांनाच साथीला बोलावलं. काकांना नाईटचं, म्हणजे त्या प्रोग्रामच्या मानधनाचं, पाकीट दिलं तर ते घेईनात, म्हणाले घरच्यांकडून कसले पैसे. मी म्हटलं काका, घेतलं नाहीत तर पुढच्या वेळी तुम्हाला हक्काने बोलावता येणार नाही मला. बराच वेळ पाकीट हातात धरून बसले, मग खिशात ठेवलं. आईचे डोळे भरले होते.

आणि त्याआधी संध्याकाळी साउंड चेकला बाबा कीबोर्डवर बसले. इतकी वर्षं ते स्वतःच पट्टीचं बटण दाबून मोकळे व्हायचे आणि मी गायचो. त्या दिवशी हात थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पट्टी कोणती देऊ?"

"काळी एक," मी म्हटलं.